वरसईचे दोन वाटसरू

मुंबईहून कल्याणकडे निघालेली गाडी ठाण्याची खाडी ओलांडते, पारसिकचा डोंगर मागे टाकते आणि मुंब्र्यानंतर दिव्यास येते. खाडीची खारट हवा, खाजणाचे अवशेष आणि त्यांवर चढत गेलेली दाट वस्ती, एवढेच प्रवाशाच्या दृष्टीस पडते. दिव्याचे नाव इतिहासाच्या पानांत क्वचितच आढळते. तथापि लोहमार्गाच्या दृष्टीने हे ठिकाण मोठे मोक्याचे होय. येथून एक वाट नीट कल्याणास जाते. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणपर्यंत गेली. तीच ही वाट. दुसरी वाट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातली गेली. ती दिव्यास दक्षिणेकडे वळून पनवेल, पेण या मार्गाने रोह्यास पोहोचते. पेणच्या मुलखात वरसई नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाहून निघालेल्या दोन वाटसरूंची हकीकत कल्याणच्या एका गृहस्थाने जपून ठेवली नसती, तर मराठी वाङ्मय एका अमोल ग्रंथास मुकले असते.

ऐकणाऱ्यांपैकी ज्यांचा दिव्याशी नित्याचा संबंध आहे, त्यांना सोबत म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. वर्षानुवर्षे एकाच वेळेच्या गाडीत, एकाच डब्यात, त्याच चार मंडळींबरोबर उभ्याने प्रवास करणारे लोक येथे हजारो आहेत. ते एकमेकांच्या घरच्या लग्नमुंजींना जातात, दुखण्याखुपण्यास धावतात, आणि निवृत्तीनंतर भेटले म्हणजे अमुक पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तेव्हा आपण रुळांवरून कसे चालत आलो, याच गोष्टी पुनःपुन्हा काढून बसतात. तासाभराची सोबत जर मनुष्यांना इतकी बांधून ठेवते, तर जी सोबत महिनोगणती पायी चालली, जिने रणधुमाळी, लूट आणि उपासमार एकत्र भोगली, तिने त्या दोन जिवांचे काय केले असेल?

त्या दोघांपैकी एकाचे नाव विष्णुभट गोडसे. दुसरे त्यांचे काका रामभट. घर भिक्षुकीवर चालणारे आणि कर्जाने वाकलेले. विष्णुभट तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. अशा वेळी वार्ता आली की, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईसाहेब मथुरेस मोठा यज्ञ करणार असून त्यात लाखो रुपयांचा दानधर्म व्हावयाचा आहे. कोकणातल्या कर्जबाजारी वैदिकास ही वार्ता म्हणजे दुष्काळात मेघगर्जनाच वाटली असल्यास नवल नाही. घरच्यांचे मन मात्र तयार होईना. हिंदुस्थानचा मुलूख दूरचा, तेथे भांगेचे व्यसन फार, परक्या देशाचे मोह निराळे. थोरला मुलगा तिकडे गेला तर परत येईल की नाही, ही धास्ती होती. अखेर काका बरोबर जाणार म्हणूनच पुतण्यास निरोप मिळाला. १८५७ च्या मार्च महिन्याच्या सुमारास दोघे निघाले.

कल्याणापर्यंत आगगाडी धावू लागून तीन वर्षे होत आली होती. खोपोलीपर्यंतही ती पोहोचली होती. परंतु घाटापलीकडे रूळ नव्हते. पुणे, अहमदनगर, पुढे खानदेश, सातपुडा आणि माळवा ही वाट पायांनीच तुडवावयाची होती. पायी प्रवासात मनुष्याचे काहीही झाकून राहत नाही. कोण लवकर थकतो, कोण चिडतो, कोण स्वतःच्या वाटणीचे पाणी दुसऱ्यास देतो, हे चार मुक्कामांत कळून येते. घरी काका म्हणजे वडीलधारी मर्यादा. वाटेवर तोच काका गाठोड्याचा अर्धा भार उचलणारा आणि रात्री आळीपाळीने जागणारा जोडीदार होतो. नात्यातला आदर जात नाही, पण त्याखाली दुसरे एक नाते रुजू लागते. त्यास मराठीत नेमका शब्द नाही. सांगाती हा त्यातल्या त्यात जवळचा.

महूजवळच्या मुक्कामी पलटणीतील शिपायांच्या तोंडून त्यांना काडतुसांची हकीकत समजली आणि पुढे होऊ घातलेल्या उठावाची कुणकुण लागली. शहाण्या मनुष्याने येथूनच माघारी फिरावयाचे. ते फिरले नाहीत. घरचे कर्ज आणि पुढची दक्षिणा या दोहोंच्या ओढीने ते पुढेच गेले. यज्ञाचा बेत तर बंडाच्या धामधुमीत विस्कटलाच. मग धार, उज्जैन, ग्वाल्हेर असे राजवाड्यांचे दरवाजे शोधीत काका-पुतणे अखेर झाशीस येऊन ठेपले. या भागाच्या वर्णनात दक्षिणेचा हिशेब पदोपदी डोकावतो: कोठे काय मिळाले, कोणते पक्वान्न वाढले, कोणत्या यजमानाचा हात सैल होता. काही वाचकांस हा हिशेबीपणा खटकतो. वस्तुतः त्यामुळेच पुढील साक्ष विश्वसनीय ठरते. ज्याला पैशापैशाची नोंद ठेवण्याची सवय आहे, तो मढ्यांची नोंदही तशीच सरळ करतो.

झाशीत त्यांनी लक्ष्मीबाईंचा दरबार, तिची दिनचर्या, तेथील समारंभ आणि धर्मकृत्ये जवळून पाहिली. मग १८५८ च्या मार्चअखेर सर ह्यू रोज याच्या सैन्याने शहरास वेढा दिला. तोफा सुरू झाल्या. १ एप्रिल रोजी वेत्रवतीच्या काठी तात्या टोपे यांच्या फौजेचा मोड झाला, ३ एप्रिलला गोरे सैन्य तटावरून आत घुसले, आणि त्यानंतर राणी रात्रीच्या अंधारात किल्ल्यातून निसटली. सेनापतींचे इतिहास राणीच्या मागोमाग काल्पीकडे धावतात. विष्णुभटांची लेखणी मात्र शहरातच अडकून राहते, कारण ते स्वतः काकांसह तेथे अडकले होते. म्हणूनच राणी गेल्यानंतर झाशीच्या गल्ल्यांत काय घडले, हे मराठीत आपणास कळते.

घराच्या अंधाऱ्या भागात दडून त्यांनी ते दिवस काढले. बाहेर कत्तल चालली होती. तिच्या पाठोपाठ लूट आली, आणि तीही क्रमाने. प्रथम सोनेनाणे आणि जडजवाहीर, नंतर तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड आणि धान्य. जवळची जमवलेली कमाई गेली. ज्या द्रव्यासाठी सारा खटाटोप मांडला होता, ते असे हातातून ओरबाडले गेल्यावर दोघांनी एकमेकांकडे कसे पाहिले असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपल्या मनाशी करावी. जेथे प्यावयास पाणी मिळण्याची मारामार, तेथे स्नानसंध्येची काय कथा! ज्या नियमांवर भिक्षुकाचे सारे जीवित उभे, ते नियम एका आठवड्यात गळून पडले आणि खाली दोन भेदरलेली माणसे तेवढी उरली.

झाशी दरबारच्या पुस्तकालयाचा नाशही विष्णुभटांनी नोंदला आहे. बासनांची रेशमी वस्त्रे लुटारूंनी घेतली, आणि आतले ग्रंथ, ज्यांच्या नकला उतरून घेण्यास दूरदूरचे पंडित येत, ते वाऱ्यावर गेले. आपल्या गेलेल्या पैशांइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, हळहळ त्यांना त्या ग्रंथांविषयी वाटली. दक्षिणेच्या शोधात निघालेल्या मनुष्यात पालट झाला असेल, तर त्याचा पहिला सुगावा येथे लागतो.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग महाराष्ट्रास ठाऊक आहे. पुरुषी वेष केलेली, धुळीने माखलेली राणी तहानेने व्याकूळ होऊन विहिरीपाशी आली, विष्णुभट पाणी शेंदून देण्यास पुढे झाले, आणि विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून तिने स्वतःच दोर हाती घेतला. ओंजळीने ती पाणी प्याली. राजवाड्याच्या दारी जो याचक म्हणून उभा होता, त्याच्यासमोर आता राजवाड्याची धनीणच पाण्यासाठी उभी होती. दोघेही लुटले गेलेले, दोघेही वाटसरू. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती रणात पडली.

पुढील भ्रमंती येथे थोडक्यातच सांगितलेली बरी. चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी अशी क्षेत्रे झाली. पुन्हा चोरांचे भय, पुन्हा उपास, पुन्हा कोणा यजमानाच्या कृपेने चार दिवस सुखाचे. परत येताना विष्णुभटांच्या खांद्यावर द्रव्याची थैली नव्हती. गंगेच्या पाण्याची कावड होती. ती त्यांनी काशीहून पायी वरसईपर्यंत आणली आणि त्या उदकाने आईबापांस स्नान घातले. दोन वर्षांहून अधिक काळ गेलेला होता. घरचे कर्ज त्या कावडीने फिटले नाही हे उघड आहे. परंतु जो मुलगा परत येईल की नाही अशी शंका होती, तो परतला होता, आणि जे आणावयास गेला त्याहून भलतेच काही घेऊन आला होता.

यानंतर वीस-पंचवीस वर्षांची शांतता आहे. गोडसे भटजींच्या गोष्टी या काळात तोंडी चालू राहिल्या. कल्याणच्या वैद्य मंडळींकडे त्यांचे जाणेयेणे असे. चिंतामण विनायक वैद्य हे त्या घरातील. जन्म १८६१ चा, म्हणजे झाशी पडल्यानंतरचा. बंड हे त्यांच्या पिढीला केवळ ऐकून ठाऊक. महाभारताचे आणि मध्ययुगीन भारताचे अभ्यासक म्हणून ते पुढे नावाजले. या तरुणाने भटजींस आग्रह केला की, हे सारे लिहून काढा. १८८३ च्या सुमारास विष्णुभटांनी मोडी लिपीत ते लिहून काढून वैद्यांच्या स्वाधीन केले. आपल्या हयातीत मात्र ते छापू नये अशी व्यवस्था होती.

ही सावधगिरी आज अतिरेकी वाटेल. पण १८७४ साली, म्हणजे उठावानंतर सतरा वर्षांनीही, नानासाहेब समजून एका मनुष्यास ग्वाल्हेरीस पकडण्यात आले होते आणि तो नानासाहेब नव्हे हे ठरेपर्यंत केवढी खळबळ उडाली होती. अशा दिवसांत, मी राणीच्या शहरात होतो, मी तिला पाणी देण्यास पुढे झालो, असे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. झाशीच्या अंधारात जी भीती अंगात शिरली होती, ती पाव शतकानंतरही पुरती निघून गेली नव्हती. फक्त ती बाळगूनही लिहिता येते, एवढे धैर्य आले होते.

ग्रंथ १९०७ साली निघाला. वैद्यांनी भाषेवर बराच हात फिरवला होता, काही गाळले होते, काही सौम्य केले होते. नावातही बंड हाच शब्द होता. दोनच वर्षांनी सावरकरांनी त्याच घटनेस स्वातंत्र्यसमर म्हटले आणि त्यांच्या पुस्तकास सरकारने बंदी केली, हे ध्यानात घेतले म्हणजे वैद्यांच्या सौम्यपणाचा फारसा राग येत नाही. तरी भटजींचा खरा आवाज ऐकण्यास वाचकांना १९६६ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली वाक्ये ओबडधोबड आहेत, लांबत जातात, मध्येच वळतात. तोंडी सांगणाऱ्या मनुष्याची ती वाक्ये आहेत. कल्याणच्या ओसरीवर ती प्रथम कशी ऐकू आली असतील, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

ग्रंथाचे नाव ‘माझा प्रवास’. नाव एकवचनी असले तरी प्रवास दोघांचा होता. संकटाच्या पानांवर पाहावे तो रामभट काका जवळच असतात: दडून बसताना, पळताना, काय द्यावे आणि काय लपवावे याचा खल करताना. पण त्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. महूजवळ माघारी न फिरण्याचा निर्णय त्यांना पुढे कसा वाटला, लूट झाल्यावर त्यांनी पुतण्यास दोष दिला की धीर, घरी परतल्यावर भावास आणि भावजयीस त्यांनी काय सांगितले, हे सारे पुतण्याच्या लेखणीतून जेवढे झिरपले तेवढेच आपल्या वाट्यास येते. दोघे म्हातारपणी एकत्र बसून त्या दिवसांविषयी बोलले असतील, तर एकाने सांगितलेले दुसऱ्याने खोडून काढले असेल, पैशांचे आकडे चुकवले म्हणून काका रागावलेही असतील. कागदावर उतरली ती एकाची आठवण.

विष्णुभटांनी हे लिहून काढले तोवर लोहमार्ग घाट चढून गेला होता. १८७० मध्येच मुंबई आणि कलकत्ता ही शहरे रुळांनी जोडली गेली होती, आणि काशीस जाणाऱ्या कोकणी यात्रेकरूस आता कल्याणास गाडी धरता येत होती. ज्या वाटेने दोघांस कित्येक महिने लागले, ती थोड्या दिवसांत सरू लागली. वरसईहून कल्याणास यावयाचे झाले तर आज पेणला गाडीत बसावे आणि दिव्यास उतरून बदलावी. फलाटावर दुसऱ्या गाडीची वाट पाहताना शेजारी कोण उभे आहे याकडे पाहावयासही बहुधा कोणास सवड नसते.