मकावची जकात

१५५७ च्या सुमारास पोर्तुगीज चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथे स्थायिक झाले. १५७६ मध्ये तेथे धर्मप्रांत स्थापन होऊन तो गोव्याच्या महाधर्मप्रांताशी जोडला गेला. त्यामुळे हे नाव आपल्या चर्चच्या इतिहासाला परके नाही. मात्र भूमी चीनची होती. पोर्तुगीज तिचे भुईभाडे भरीत आणि चिनी जकातनाकेही तेथे होते. १८४९ मध्ये गव्हर्नर फेरेरा दो अमराल यांनी ते उठविले. त्याच वर्षी त्यांची हत्या झाली. पुढे १८६२ चा तहही मंजुरीवाचून राहिला.

ही कोंडी अखेर अफूने फोडली. चीनमध्ये येणाऱ्या अफूवर दर पिकलमागे, म्हणजे सुमारे साठ किलोंमागे, ११० टेल चांदी एकदमच वसूल व्हावी, असे १८८५ मध्ये लंडनला ठरले. परंतु हाँगकाँग व मकावमार्गे चोरटा माल जात असे. चीन सरकारच्या सागरी जकातखात्याचे महानिरीक्षक सर रॉबर्ट हार्ट यांच्या खटपटीने ११ सप्टेंबर १८८६ रोजी हाँगकाँगशी करार झाला. त्यात अट अशी होती की, मकावनेही तीच व्यवस्था स्वीकारावी.

पोर्तुगालने ही संधी ओळखली. हार्ट यांनी आपले लंडनमधील प्रतिनिधी जेम्स डंकन कॅम्पबेल यांना लिस्बनला धाडले. परराष्ट्रमंत्री बारोस गोमिश यांच्याशी वाटाघाटी होऊन २६ मार्च १८८७ रोजी सह्या झाल्या. पोर्तुगालने अफूच्या जकातवसुलीत साह्य करावे. चीनने मकाववरील पोर्तुगालचा कायम ताबा मान्य करावा. चीनच्या संमतीवाचून मकाव अन्य कोणास देऊ नये. १ डिसेंबरला पेकिंगच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले.

चीनला महसूल मिळाला, पोर्तुगालला हक्क. पण हे सहकार्य अफू थांबविण्यासाठी नव्हते. तिचा कर चुकू नये, एवढ्यासाठीच होते. त्या व्यसनाने ज्याचे घर बुडाले, त्याच्या वतीने बोलणारा त्या वाटाघाटींत कोणी नव्हता.

आपणही हात झटकू शकत नाही. चीनला जाणारी परदेशी अफू मुख्यत्वे हिंदुस्थानातील होती. माळव्याची अफू एके काळी दमणहून आणि पुढे मुंबई बंदरातून रवाना होई.

१९९९ मध्ये मकाव चीनकडे परत गेले. कलमे इतिहासजमा झाली. प्रश्न मात्र उरला. कर भरला म्हणजे व्यापार निर्दोष होतो काय? कैसराच्या नाण्याचा हिशेब त्या करारात चोख ठेवला गेला. देवाची प्रतिमा ज्याच्यावर आहे, त्या माणसाचा हिशेब मात्र कोणीच ठेवला नाही.