कौमार्य आणि सौंदर्य : बदलत गेलेल्या कसोट्या

स्त्रीचे चारित्र्य देहावरून आणि मोल रूपावरून ठरविण्याची प्रवृत्ती अनेक संस्कृतींत आढळते. मात्र या कसोट्या स्थिर नव्हत्या, हे महाराष्ट्राच्या इतिहासातूनही दिसते.

प्राचीन काळ

आंबेगावशेजारच्या जुन्नर तालुक्यात, नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. महिनाभर उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, असा तिचा गौरव त्यात आहे. याउलट सातवाहन राजा हाल याच्या नावावरील 'गाथासप्तशती'त खेड्यातील स्त्रिया प्रेम आणि विरह मोकळेपणाने व्यक्त करतात. अहल्या, द्रौपदी, कुंती, तारा, मंदोदरी या विवाहितांना परंपरेने 'पंचकन्या' म्हटले. पुढे स्मृतिकारांनी 'कन्या' हा शब्द वयाशी जोडला आणि ऋतुप्राप्तीपूर्वीच मुलीचा विवाह करण्याचा आग्रह धरला.

संमतिवयाचा वाद

या आग्रहाची किंमत मुलींनी मोजली. 1890 मध्ये कोलकात्यात फुलमणी या बालवधूचा पतीच्या बळजबरीमुळे मृत्यू झाला. 1891 च्या कायद्याने संमतिवय 10 वरून 12 वर्षे केले. पुण्यात त्याला लोकमान्य टिळकांनी विरोध केला, तर सुधारकांनी पाठिंबा दिला. तत्पूर्वी 1882 मध्येच ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून स्त्री-पुरुषांसाठी असलेल्या दुहेरी नीतीवर बोट ठेवले होते.

विज्ञान आणि कायदा

कंजारभाट समाजातील नववधूच्या कौमार्य चाचणीविरुद्ध त्याच समाजातील पुण्याच्या तरुणांनी 'स्टॉप द व्ही रिच्युअल' ही मोहीम चालवली. 2018 मध्ये पिंपरीत त्यातील काहींना मारहाण झाली. अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानली जाईल, असे राज्य सरकारने फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर केले. देहाच्या तपासणीतून कौमार्य सिद्ध होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट केले. बलात्कारपीडितांच्या 'दोन बोटांच्या चाचणी'वर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ताशेरे ओढले आणि ती करणे हे गैरवर्तन ठरेल, असे 2022 मध्ये बजावले.

रूपाची बाजारपेठ

सौंदर्याची कसोटीही अशीच रेंगाळली. विवाहविषयक जाहिरातींत 'गोरी' हा शब्द वर्षानुवर्षे छापला गेला. 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला तो 2020 मध्ये. मात्र नाव बदलले म्हणून नजर बदलतेच असे नाही. कौमार्य चाचणीचा आधार विज्ञानाने आणि न्यायालयाने काढून घेतला आहे. तो घराघरांतून जाणे बाकी आहे.