कोटींच्या आकड्याचे कूळ

जालना जिल्ह्यात पेरणीचे दिवस आले की कृषी सेवा केंद्रांत सोयाबीनच्या बियाण्याबरोबर रायझोबियमचे पाकीट विकले जाते, आणि पोटाच्या तक्रारीसाठी मेडिकलमध्ये बारा महिने प्रोबायोटिकची कॅप्सूल मिळते. जिवंत जिवाणूंची संख्या दोन्हींवर छापलेली असते, मुदतही असते. या दोन आकड्यांचे कूळ एकच. रॉबर्ट कॉख यांनी 1881 मध्ये घट्ट माध्यमावर जिवाणू वाढवण्याची रीत दाखवली, 1887 मध्ये पेट्री यांनी त्यासाठी झाकणाची काचेची बशी काढली आणि एकेका जिवंत जिवाणूपासून वाढलेली वसाहत नुसत्या डोळ्यांनी मोजता येऊ लागली. आज ‘सीएफयू’ म्हणून छापतात ती हीच मोजणी. नात्याचा दुवा आणखी जवळचा आहे. मार्टिनस बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने 1888 मध्ये द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून रायझोबियम वेगळे केले, आणि 1901 मध्ये लॅक्टोबॅसिलस हे नाव रूढ केले तेही त्यानेच. व्यापारात मात्र शेत पोटाच्या पुढे होते. जर्मनीत नोब्बे आणि हिल्टनर यांनी 1896 मध्ये ‘नायट्राजिन’ या जिवाणू संवर्धकाचे पेटंट घेतले, तेव्हा दह्यातल्या जिवाणूंनी आयुष्य वाढते असे सांगणारे मेचनिकॉफ यांचे पुस्तक निघायला अजून अकरा वर्षे होती. शिरोता यांचे ‘याकुल्ट’ हे जिवाणूयुक्त पेय तर 1935 चे.

शेतातली मात्रा कशी ठरली हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण तिथे हिशेब उघड आहे. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीतल्या रायझोबियममध्ये ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत पेशी लागतात. 250 ग्रॅमच्या पाकिटात त्या 1,250 कोटी झाल्या. हे पाकीट 10 किलो सोयाबीनला चोळायचे. शंभर दाण्यांचे वजन साधारण 12 ग्रॅम धरले तर 10 किलोत 80 हजारांच्या आसपास दाणे बसतात, म्हणजे प्रत्येक दाण्याच्या वाट्याला दीड लाख जिवाणू. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला लाखभर जिवाणू लागतात, हा अनुभव इतर देशांतल्या शिफारशींतही दिसतो. पण या आकड्यामागे दोन अटी उभ्या आहेत. पहिली, पिकाचा जिवाणू त्या पिकाचाच हवा. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चोळले तर 1,250 कोटी काय आणि 12,500 कोटी काय, गाठी धरत नाहीत. तुरीलाही सोयाबीनचे पाकीट चालत नाही. दुसरी अट जमिनीची. हवाई बेटांवरच्या प्रयोगांत 1991 मध्ये असे दिसले, की मातीत त्या पिकाचे मूळचे रायझोबियम ग्रॅमला 50 इतके थोडे असले तरी बाहेरून दिलेल्या संवर्धकाचा फायदा उरत नाही. मात्रा पाकिटावर छापलेली असली तरी ती ठरते आधीपासून मातीत कोण आहे यावर.

पोटाच्या बाबतीत हेच म्हणता येईल का? आक्षेप रास्त आहे. रायझोबियम मुळात शिरून घर करते, प्रोबायोटिकचे जिवाणू मोठ्या माणसाच्या आतड्यात सहसा टिकत नाहीत. घेणे थांबवले की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निघून जातात. पण हा फरक माझ्या मुद्द्याला बळच देतो. 2016 च्या एका काटेकोर अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. हजार कोटींची कॅप्सूल ही त्या गर्दीत चार हजारांत एक. याउलट नवजात बाळाचे आतडे जवळजवळ रिकामे. ओडिशातल्या खेड्यांत 4,556 बाळांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक विशिष्ट वाण, सोबत त्याला पोसणारी साखर, रोज सुमारे 100 कोटी, फक्त सात दिवस. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. मोठ्या माणसाने तेच सात दिवस घेऊन तशीच अपेक्षा ठेवणे म्हणजे आधीच जिवाणूंनी भरलेल्या रानात पाकीट उधळणे.

मग भरपूर घ्यावे, जास्त ते चांगले, असे दुकानातल्या फलकावरचे 25 अब्ज आणि 50 अब्ज सुचवत असतात. एका बाबतीत त्याला आधार आहे: अँटिबायोटिकमुळे मुलांना होणाऱ्या जुलाबांवरील प्रयोगांचा 2019 मधला कॉक्रेन आढावा सांगतो, की रोज 500 कोटी किंवा त्याहून जास्त मात्रेत जुलाबांचे प्रमाण 23 वरून 8 टक्क्यांवर आले. पण 2018 मध्ये अमेरिकेत 971 मुलांच्या गॅस्ट्रोवर एलजीजी हा सर्वात अभ्यासलेला वाण 1,000 कोटी, दिवसातून दोनदा, पाच दिवस देऊन पाहिला. काही फरक पडला नाही. दुखणे बदलले की आकडा निकामी. 2006 चा प्रयोग तर याहून बोलका. आतड्याच्या चिडचिडेपणाने त्रस्त 362 स्त्रियांना एकाच बिफिडो वाणाच्या 10 लाख, 10 कोटी आणि 1,000 कोटी अशा तीन मात्रा दिल्या. गुण आला तो मधल्या मात्रेला. सर्वात मोठ्या मात्रेची कॅप्सूल ओली झाल्यावर डिंकासारखी घट्ट होत होती आणि आतले जिवाणू बाहेरच पडत नव्हते. आणि अति आजारी माणसाला मोठी मात्रा निरुपद्रवी असते हेही खरे नाही: नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना रोज 1,000 कोटी दिले गेले, तेव्हा त्या गटात 16 टक्के दगावले, दुसऱ्या गटात 6 टक्के. हा निष्कर्ष 2008 चा.

आपले ताक पुरे नाही का, असेही विचारले जाईल. जेवणात ते असावेच, आणि घरच्या विरजणात जिवाणूंची वानवा नसते. पण विरजण घराघरांत वेगळे, त्यातला वाण कोणता हे कोणी तपासलेले नसते, म्हणून त्याला अमुक दुखण्याची मात्रा लावता येत नाही. ते अन्न आहे, अन्न म्हणूनच प्यावे.

भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांनी प्रोबायोटिकसाठी दिवसाच्या मात्रेत किमान 10 कोटींची अट घातली. ही विक्रीची किमान पातळी आहे, तिला उपचाराची मात्रा समजू नये. कॅप्सूल घेताना पाकिटावर प्रजाती आणि जातीपुढे वाणाचा क्रमांक आहे का ते पाहावे, छापलेला आकडा मुदत संपेपर्यंतचा आहे की भरण्याच्या दिवसाचा हे वाचावे आणि आपल्या दुखण्यावर त्या वाणाची कोणती मात्रा तपासली गेली हे डॉक्टरांना विचारावे. वाणाचा क्रमांकच नसेल, तर पुढचे कितीही कोटी असोत, ते पाकीट परत करावे.