लालांची घरपाठवणी

१९३६चा इंग्लंड दौरा. लॉर्ड्सवर लाला अमरनाथ पॅड बांधून ताटकळत होते. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार मात्र दुसऱ्यांनाच फलंदाजीला धाडत राहिले. लाला शेवटी चिडले, ड्रेसिंगरूममध्ये सामान आपटून पंजाबीत काहीतरी पुटपुटले.

झालं! पहिल्या कसोटीआधीच त्यांची मायदेशी रवानगी झाली. भारताचं पहिलं कसोटी शतक १९३३ साली मुंबईच्या जिमखान्यावर ठोकणारा हा खेळाडू. पण तक्रारही कर्णधाराची आणि निवाड्यातही कर्णधारच, तर दाद मागायची कुणाकडे?

पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमाँट यांच्या समितीने चौकशी केली. जानेवारी १९३७च्या अहवालात लाला बहुतांशी निर्दोष ठरले. ठपका आला तो कर्णधारावर: क्षेत्ररचना कळत नाही, फलंदाजीचा क्रम धड नाही. हुकलेल्या तीन कसोट्या काही परत मिळाल्या नाहीत. पुढची कसोटी खेळायला १९४६ साल उजाडलं.