गाजर गवत

(काँग्रेस गवत, चटकचांदणी, हिं. गाजर घास, लॅ. पार्थेनियम हिस्टेरोफोरस, कुल-कंपॉझिटी). मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील रानटी, विषारी, वर्षायू ओषधी. पाने गाजराच्या पानांसारखी विभागलेली असल्याने हे नाव पडले; तृण कुलाशी तिचा संबंध नाही. उंची सु. १–१·५ मी.; फुलोरे लहान व पांढरे. एका झाडापासून हजारो हलकी बीजे तयार होतात व ती वारा, पाणी, वाहने आणि शेणखत यांमार्फत पसरतात.

पुण्यातील कचऱ्याच्या ढिगांवर १९५५ च्या सुमारास ती आढळली आणि आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये भारतातील नवी वनस्पती म्हणून तिची नोंद केली. पुढील काही दशकांत ती देशभर फैलावली. नाशिक जिल्ह्यातही पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा व शेतांचे बांध तिने व्यापले आहेत. काँग्रेसच्या राजवटीत अमेरिकेतून पीएल-४८० योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असा समज रूढ असून ‘काँग्रेस गवत’ हे नाव सामान्यतः त्याच्याशी जोडले जाते. तथापि या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. म्हणजे वनस्पती त्यापूर्वीच पुण्यात होती. अमेरिकेचा गहू १९५१ मध्येही कर्जाऊ आला होता. त्यामुळे धान्यातून बी आल्याची शक्यता उरते, पण एकाच कराराला दोष देणे कालक्रमाशी जुळत नाही. शिवाय विल्यम रॉक्सबर्ग यांच्या हॉर्टस बेंगालेन्सिस (१८१४) या कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाच्या सूचीत हिचे नाव आहे. अर्थात उद्यानातील अस्तित्व म्हणजे रानटी प्रसार नव्हे. टंचाईच्या काळातील परावलंबनाची आठवण मात्र या लोकनामात टिकून राहिली.

वनस्पतीतील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेचा तीव्र दाह होतो. परागांमुळे नाक व श्वसनमार्गाचे विकार संभवतात. खुरपणी करणाऱ्या मजुरांना हा उपद्रव विशेष होतो. जनावरांनी ती खाल्ल्यास दुधाला कडवटपणा येतो. अधिक प्रमाणात खाल्ल्यास विषबाधा होते.

निर्मूलनासाठी मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकलरॅटा हा भुंगेरा १९८३ मध्ये आणून नंतर बंगलोर परिसरात सोडण्यात आला. तो पाने खातो. टाकळा आणि तुळशीच्या कुलातील रानतुळस (हिप्टिस सुव्हिओलेन्स) यांसारख्या वनस्पतींच्या स्पर्धेनेही तिची वाढ रोखता येते. फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून, झाडे मुळासकट उपटणे हा लहान क्षेत्रातील खात्रीचा उपाय होय.