आडनाव, ग्रामनाम आणि इतिहास : अहेरी परिसरातील गोंडी कुळनावांच्या निमित्ताने

आडनावांवरून आणि ग्रामनामांवरून समाजाचा इतिहास वाचण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी स्थलनामे व व्यक्तिनामे यांची व्युत्पत्ती हे केवळ भाषेच्या नव्हे, तर वसाहतीच्या इतिहासाचेही साधन मानले आणि पुढच्या अभ्यासकांनी ती दिशा कमीअधिक प्रमाणात स्वीकारली. या अभ्यासाच्या मुळाशी बहुधा एक गृहीतक असते : गाव आधी, आडनाव नंतर. चिपळूणचा तो चिपळूणकर, चांद्याचा तो चांदेकर. घराणे गाव सोडते तेव्हा गावाचे नाव बरोबर घेऊन निघते. म्हणून आडनावाचा माग काढत मूळ गावापर्यंत परत जाता येते. कोकणातल्या आणि देशावरच्या नावांना हे गृहीतक बऱ्याच अंशी लागू पडते. अहेरीच्या परिसरात ते लागू पडत नाही. का पडत नाही, आणि ते ओढूनताणून लावल्यास काय हातचे निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हे गृहीतक केवळ मराठीचे नाही, हे आधी नोंदविले पाहिजे. रोमानियन आडनावांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे 'एस्कु' हा प्रत्यय बहुधा पूर्वजाच्या नावाला किंवा व्यवसायाला लागतो : इओनचा वंशज तो इओनेस्कु, 'पोपा'चा म्हणजे धर्मोपदेशकाचा वंशज तो पोपेस्कु. 'एआनु' हा प्रत्यय स्थळाला लागतो : आर्देआल प्रांतातला तो आर्देलेआनु, मोल्दोवातला तो मोल्दोवेआनु. मराठी रंगभूमीला परिचित असलेला नाटककार आयनेस्को जन्माने रोमानियन. त्याच्या आडनावातला अंत्य उकार फ्रेंच लेखनात ओकार झाला. व्यक्तिनाम, ग्रामनाम आणि आडनाव यांची अशी साखळी सांगता आली की नावांचा अभ्यास सोपा होतो. एक नाव दुसऱ्याचे अपत्य ठरते आणि इतिहास म्हणजे वंशवृक्ष होतो.

अहेरीत नावांचा वंशवृक्ष असा सरळ वाढत नाही. प्राणहितेच्या काठची अहेरी ही जुन्या चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी होती. १७५१ साली चांद्याचे गोंड राज्य संपून तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, त्यानंतर इंग्रजांचा. दक्षिणेकडचे सिरोंचा १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. तो जिल्हा मोडल्यावर सिरोंचा चांद्याला जोडले गेले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. गोंडी व माडिया बोलणारी वस्ती, नदीपलीकडून आलेली तेलुगू आणि उत्तरेकडून आलेली मराठी अशा तीन भाषा येथे शतकानुशतके एकमेकींना लागून नांदत आल्या. अहेरीच्या जमीनदार घराण्याचे आडनाव आत्राम. पटवर्धनांच्या शाखा सांगलीकर, जमखंडीकर म्हणून ओळखल्या गेल्या, चांदा जिंकणारे भोसले स्वतः 'नागपूरकर' झाले. परंतु पिढ्यान्‌पिढ्या अहेरीवर अधिकार गाजवूनही आत्राम 'अहेरीकर' झाले नाहीत. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटली, तरी प्रश्नाची खरी किल्ली तीच आहे.

२०२५ साली भामरागड तालुक्यातील मरकनार या गावी पहिल्यांदाच एस. टी. पोहोचली आणि अहेरीच्या गाडीला मरकनारची पाटी लागली. गोंडीत 'मरका' म्हणजे आंबा आणि 'नार' म्हणजे गाव. मरकनार म्हणजे आंब्याचे गाव. याच 'मरका'पासून मरकाम हे कुळनाव झाले. त्याच तालुक्यात इरपनार आहे. 'इरपू' म्हणजे मोहाचे फूल, आणि इरपाची हे कुळनाव. 'टेका' म्हणजे साग, त्यावरून टेकाम. 'तुमरी' म्हणजे तेंदू, त्यावरून तुमराची. तुमराम हे नावही याच कुळीतले दिसते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात यांतील बऱ्याच कुळनावांचे अर्थ नोंदलेले आहेत. आता मराठी सवयीने पाहू गेल्यास मरकाम हे मरकनारहून निघालेले ठरतील. तसे ते नाहीत. मरकाम बस्तरात आहेत, मंडल्यात आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी मरकनारचे नावही ऐकलेले नसेल. गाव आणि कुळ यांचे नाते येथे आईलेकराचे नसून भावंडांचे आहे. दोघांनी आपापले नाव एकाच झाडाकडून घेतले आहे.

मग हे कुळनाव सांगते तरी काय? 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. 'तुमची सोयरीक कोणाशी होऊ शकत नाही?' या प्रश्नाचे ते उत्तर आहे. गोंडांची कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली असतात. एका गटातील सर्व कुळे परस्परांची भावकी होत, आडनावे निराळी असली तरी; त्यांच्यात विवाह होत नाही. आदिलाबादेतील गोंडांविषयी १९४८ साली ग्रंथ लिहिणाऱ्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी या गटांची बांधणी तपशिलाने दाखविली आहे. केसलापूरच्या नागोबाची पूजा ज्यांच्याकडे आहे ते मेश्राम त्यांच्या मांडणीत सात भावांच्या गटातले. रोमानियन भाषेतही लांडग्यावरून 'लुपु', अस्वलावरून 'उर्सु' अशी आडनावे आहेत. पण ती मुळात कुणा एकाला पडलेली टोपणनावे. कुमरा कुळाशी जोडलेली शेळी ही कोणा एकाचे टोपणनाव नव्हे. तिच्याशी सबंध कुळाचे नाते आहे आणि त्या नात्याला मर्यादा व निषेध आहेत.

हे ध्यानात न घेता केलेल्या व्युत्पत्तीचा एक ठळक नमुना म्हणजे या आडनावांत 'राम' शोधण्याची प्रवृत्ती. मेश्राम, आत्राम, तुमराम ही नावे मराठी कानाला सहजच 'राम'युक्त वाटतात आणि मग सीताराम, आत्माराम यांच्या पंगतीला जाऊन बसतात. परंतु टेकाम, मरकाम, नेताम, गेडाम, सिडाम, पेंदाम ही नावे शेजारी ठेवली की हा भ्रम टिकत नाही. येथे समान अंश 'राम' नसून 'आम' आहे. तुमराममधला रकार तुमरीचा आहे, रामाचा नव्हे. याच न्यायाने 'सलाम' या गोंडी आडनावाचा अरबी अभिवादनाशी काही संबंध नाही, जरी परगावच्या कचेरीत ते ऐकून भुवया उंचावल्या जात असल्या तरी. एकेक नाव सुटे घेऊन त्याचे संस्कृत मूळ शोधण्याची पद्धत येथे थिटी पडते. नावांची ओळच्या ओळ एकत्र वाचावी लागते.

अशा रीतीने वाचू लागले की लक्षात येते ते असे : या प्रदेशातील तीन प्रकारची नावे तीन निरनिराळ्या कालमानांनी बदलतात. ग्रामनाम शेजारच्या आणि सत्तेच्या भाषेचे ऐकते. आलापल्ली, एटापल्ली, नागेपल्ली, रेपनपल्ली यांतील 'पल्ली' तेलुगू वळणाची; महागाव, गोविंदगाव, कमलापूर ही मराठी-हिंदी वळणाची; भामरागडच्या बाजूला 'नार' टिकून आहे, आणि पेनगुंडा या नावात देववाचक 'पेन' शब्द ओळखू येतो. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या मुलचेरा भागातील वसाहतींना सुंदरनगर, विजयनगर अशी नावे मिळाली. ज्यांनी गावाची नोंद केली त्यांची भाषा गावाच्या नावात उतरते, हेच येथे दिसते.

व्यक्तिनाम त्याहून चंचल. ते राजवटीकडे पाहते. चांद्याचे राजे 'शाह' होते : बल्लाळशाह, हिरशाह, वीरशाह, नीलकंठशाह. पहिल्या नावाची आठवण बल्लारपूर गावाने आणि तेथील बल्हारशाह या रेल्वेस्थानकाने अद्याप जपली आहे. व्यक्तिनामाचे ग्रामनाम झाल्याचा या भागातला हा नामांकित दाखला. भोसलेकाळानंतर मात्र 'शाह' मागे पडून 'राव' रूढ झाला. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठलेले मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव हे दोघेही 'राव'. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी झाली. १९७७ साली लोकसभेवर गेलेले अहेरीचे राजे विश्वेश्वरराव हेही 'राव'च. सामान्यांच्या घरी सोमा, मंगरू, बुधू अशी वारांवरून ठेवलेली नावे चालत आली. आज त्यांची नातवंडे शहरी मराठी नावांनी शाळेत जातात. एवढ्या सगळ्या उलथापालथीत कुळनाव मात्र हलले नाही. 'शाह' असोत वा 'राव', आत्राम ते आत्रामच. लग्न जमविताना ते लागत होते, म्हणून ते टिकले. ज्या नावाकडे काही काम असते तेच नाव टिकते, असे म्हणता येईल.

न हललेल्या या नावावर लेखनाचा संस्कार मात्र झाला. मराठीत काळा, गोरा यांची आदरार्थी बहुवचने काळे, गोरे अशी होऊन आडनावे बनली. त्याच व्याकरणाने कुमराचे कुमरे, उईकाचे उईके, सेडमाकीचे शेडमाके झाले. शेवटच्या नावात सकाराचा शकार करून मराठीने आपली उच्चारसवयही मिसळली. नदीपलीकडे तेच नाव तेलुगू वळणाने कुमरम झाले आणि आडनाव आधी लिहिण्याच्या तेथील रीतीने कुमरम भीम असे लिहिले गेले. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढून १९४० साली मारल्या गेलेल्या या वीराचे नाव २०१६ साली जिल्ह्याला दिले गेले : कुमरम भीम आसिफाबाद. कुळनाव, व्यक्तिनाम आणि ग्रामनाम असे तिन्ही एकाच जिल्ह्याच्या पाटीवर आले. अहेरीतला कुमरे आणि आसिफाबादेतला कुमरम हे एकमेकांचे भाऊ लागतात. दोन राज्यांच्या कागदांत मात्र ती दोन आडनावे आहेत.

वाङ्मयसमीक्षेलाही हा प्रश्न टाळता येत नाही. लेखकाचे आडनाव वाचून त्याचा समाज ठरविण्याची आपल्याला सवय आहे. केशव मेश्राम दलित साहित्यातले. 'उलगुलान'चे कवी भुजंग मेश्राम आदिवासी कवितेतले. विदर्भात मेश्राम, गेडाम ही आडनावे दोन्ही समाजांत आहेत. एकाच आडनावाखाली दोन इतिहास आणि दोन काव्यपरंपरा नांदतात. आडनाव हा सांस्कृतिक पुरावा असला, तरी तो स्वयंपूर्ण पुरावा नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. उलट विनायक तुमराम किंवा उषाकिरण आत्राम यांच्या नावांतील कुळवाचक अंश मराठी वाचकाच्या कानावरून 'राम' होऊन निसटून जातो. जे ऐकायला हवे ते आपण ऐकत नाही आणि जे नाही ते ऐकतो.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहिलेला नाही. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीच्या घरी तीन पिढ्यांचे तीन कागद आहेत. आजोबांच्या नोंदीत नुसते नाव, 'वल्द' म्हणून पणजोबांचे नाव आणि पुढे 'गोंड' एवढेच. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर कुमरा. तिच्या दाखल्यावर कुमरे. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदी पाहिल्या जातात, आणि त्या काळच्या लेखनिकाला आडनावाची गरज वाटलेली नव्हती. तिघांचे कुळ एकच आहे हे गावातले कोणीही सांगेल. ते कागदावर सिद्ध करण्यासाठी तिला प्रतिज्ञापत्रे जोडावी लागली आणि प्रवेशाची मुदत जवळ येत असताना कित्येक फेऱ्या माराव्या लागल्या.

खोटे दावे होतात, म्हणून पडताळणी आवश्यक आहे, हे कोणी नाकारणार नाही. त्यांची झळही खऱ्या आदिवासींनाच लागते. १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची रीत घालून दिली. त्या रीतीत दावेदाराचे देव, विधी, विवाहाचे नियम विचारणारी आप्तता चाचणी आली. म्हणजे कुळनाव ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मले, तोच प्रश्न शासनाने विचारला. फक्त विचारणारा आता सोयरा नसून समिती होती. वसतिगृहात वाढलेल्या, गोंडी विसरत चाललेल्या मुलांना तो परीक्षेतल्या प्रश्नासारखा पाठ करावा लागतो. २०२३ साली न्यायालयाने ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असा निर्वाळा दिला, ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे कागदाचे, म्हणजे शेवटी लेखनाचे वजन वाढले. आणि लेखन तर मराठी व्याकरणाने, तेलुगू रीतीने, कारकुनाच्या कानाने घडलेले आहे.

तेव्हा नावांच्या इतिहासाचे येथील काम मूळ शोधून थांबण्याचे नाही. कोणते रूप कोणत्या भाषेने, कोणत्या दप्तरात, कोणत्या सवयीने घडविले याची नोंद त्याने केली पाहिजे. अशी नोंद झाली, तर कुमरा, कुमरे आणि कुमरम ही तीन नावे नसून एकाच नावाची तीन लेखने आहेत हे अभ्यासकाला दिसेल. आणि पडताळणीच्या मेजावर बसलेल्या माणसालाही ते दाखविता येईल. मराठीने या नावांना आपले प्रत्यय दिले. त्या प्रत्ययांचा हिशेब मांडण्याची जबाबदारीही मराठीच्या अभ्यासकांचीच आहे.