बालसाक्ष आणि अपील-न्याय

बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांत पीडित बालकाची जबानी हा बहुधा एकमेव प्रत्यक्ष पुरावा असतो. असे गुन्हे एकांतात घडतात, वैद्यकीय चिन्हे कित्येकदा आढळत नाहीत आणि तक्रारही विलंबाने होते. त्यामुळे एकट्या बालकाच्या शब्दावर आरोपीस दोषी ठरवावे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार उभा राहिला. अपिलात तो अधिक बिकट होतो. कारण तेथे साक्षीदार समोर नसतो, त्याच्या जबानीचा लेखी अभिलेख तेवढा असतो.

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ यातील कलम ११८ ने साक्षीदारासाठी किमान वय ठरविले नव्हते. विचारलेले प्रश्न समजून त्यांना सयुक्तिक उत्तरे देण्याची क्षमता, एवढीच कसोटी होती. इंग्लंडमध्ये मात्र १९३३ च्या कायद्यानुसार शपथेविना दिलेल्या बालसाक्षीस अन्य पुराव्याचा दुजोरा आवश्यक होता. ही अट १९८८ मध्ये रद्द झाली. सोमालीलँडमधील एका खुनाच्या खटल्यात तेथे लागू असलेल्या भारतीय कायद्याचा अर्थ लावताना प्रीव्ही कौन्सिलने हा भेद स्पष्ट केला. दुजोरा मागणे हा व्यवहारातील सावधगिरीचा नियम आहे, कायद्याचा नव्हे, असे त्या निर्णयाचे सार होते.

तथापि सावधगिरीचा हा नियम न्यायालयांत कायद्याप्रमाणेच वापरला जाई. राजस्थानातील आठ वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायाधीशांची आरोपीच्या अपराधाविषयी नैतिक खात्री झाली होती. परंतु कायद्याने आवश्यक असलेला दुजोरा नाही, असे मानून त्यांनी अपिलात आरोपीस सोडले. उच्च न्यायालयाने ही दोषमुक्ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५१ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवली. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी हा निकाल लिहिला. दुजोरा अनिवार्य नाही. मात्र सावधगिरीचा नियम लक्षात ठेवला होता व तो का वगळला, हे न्यायाधीशाने निकालपत्रात नमूद करावे, असे त्यांनी सांगितले. मुलीने घटनेनंतर आईला सांगितलेली हकीकत कलम १५७ नुसार दुजोरा ठरू शकते, असेही त्यांनी मान्य केले.

दोषमुक्तीविरुद्धच्या अपिलाची मर्यादा प्रीव्ही कौन्सिलने १९३४ मध्येच आखली होती. उच्च न्यायालयास संपूर्ण पुरावा पुन्हा तपासता येतो. पण साक्षीदारांना प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाचे मत, आरोपीच्या निर्दोषतेचे गृहीतक आणि संशयाचा फायदा यांस योग्य वजन द्यावे लागते.

महाराष्ट्रातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात या मूल्यमापनातील तफावत उघड झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. जखमा व प्रतिकाराच्या खुणा नसणे निर्णायक मानले गेले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यानंतरच्या चळवळीतून १९८३ ची कायदेदुरुस्ती झाली. कोठडीतील अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नाकारल्यास संमती नव्हती, असे गृहीत धरण्याची तरतूद तीत आली.

त्याच वर्षी गुजरातमधील अल्पवयीन मुलींच्या प्रकरणात न्यायमूर्ती म. प्र. ठक्कर यांनी साक्षीतील किरकोळ विसंगतींना अवाजवी महत्त्व देऊ नये, असे बजावले. मनुष्याची स्मृती छायाचित्रासारखी नसते आणि वेळेचा अंदाज व्यक्तिपरत्वे बदलतो, ही त्यामागील कारणे होत. पीडितेस गुन्ह्यातील साथीदाराप्रमाणे संशयाने पाहू नये, हे तत्त्व १९९६ मध्ये पंजाबातील एका प्रकरणात दृढ झाले.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याने कलम २९ मध्ये विशिष्ट गुन्ह्यांपुरते आरोपीविरुद्ध गृहीतक आणले. तरीही अभियोग पक्षाने मूलभूत तथ्ये आधी सिद्ध केली पाहिजेत, असा अर्थ न्यायालयांनी लावला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. साक्षीदाराच्या क्षमतेची जुनी कसोटी त्याच्या कलम १२४ मध्ये कायम आहे.

या इतिहासात पुराव्याचे प्रमाण बदललेले नाही. दोषसिद्धीस वाजवी संशयापलीकडचा पुरावाच लागतो. बदलली ती संशयाची कारणे. बालकाचे वय, जखमांचा अभाव किंवा तक्रारीतील विलंब यांवरून साक्ष आपोआप अविश्वसनीय ठरत नाही. तसेच साक्षीदार बालक आहे, एवढ्यानेच ती आपोआप खरीही ठरत नाही. साक्ष का स्वीकारली वा का नाकारली, याची कारणे देणे हे अपील न्यायालयाचे मुख्य उत्तरदायित्व होय.